छोट्या गिअरची लाज कसली?

भारीतली सायकल घेऊन सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडलात की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘केवढ्याला पडली?’ आणि दुसरा, ‘किती गिअरची आहे?’ पहिल्याचं खरं उत्तर कुणीच देत नाही (घरी तर अजिबातच नाही!). दुसऱ्याचं मात्र छाती फुगवून दिलं जातं. अठरा, एकवीस, बावीस, सत्तावीस! जणू काही गिअर म्हणजे दहावीचे मार्क्स.

पण बॉस, ज्याला घाट चढायचाय, त्याच्यासाठी हे दोन्ही प्रश्न बिनकामाचे. त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर नेमका किती हलका आहे?

पावसाळा संपला की आपल्याकडे सायकलवाल्यांचा सीझन सुरू होतो. ऑफिसच्या ग्रुपवर एखादा मेसेज येतो, ‘दोनशेची बीआरएम करतोय, कोण कोण येतंय?’ आणि गेल्या वर्षी मॅरेथॉनचा टी-शर्ट मिळवलेली मंडळी लगेच अंगठा दाखवून मोकळी होतात. बीआरएम म्हणजे ब्रेवे द रँदोनर मोंदिओ. फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या नियमांनी जगभर होणाऱ्या लांब पल्ल्याच्या राइड्स. ही रेस नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. फक्त वेळेत पोचायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास. मधे कंट्रोल पॉइंट्स असतात, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. घड्याळ मात्र थांबत नाही. चहा, पंक्चर, फोटो, पोटात कळ, सगळं त्याच साडेतेरा तासांत.

साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी पंधराच्याही आत. ऐकायला किती सोप्पं! पण हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. पुण्याहून पाचगणीला जाऊन परत यायचं म्हटलं की साधारण दोनशे होतात. आता मधे काय काय आहे बघा. निघाल्या निघाल्या जुना कात्रज घाट. मग हायवेवर खंबाटकी. आणि सुरूर फाट्यावरून वाईला आत वळलात की समोर पसरणीचा घाट. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी साधारण १३०० मीटरवर आणि मधे बाराएक किलोमीटर रस्ता. म्हणजे सरासरी पाच टक्के चढ. गाडीत बसून, गाणी ऐकत, स्ट्रॉबेरी क्रीमचं स्वप्न बघत आपण हा घाट पंचवीस मिनिटांत चढतो. सायकलवर तो तासाभराहून जास्त आपला हिशेब घेतो. परतीला शिंदेवाडीकडून कात्रजची चढण उरलेली असते, ती वेगळीच. थकलेल्या पायांना ती पसरणीपेक्षा मोठी वाटते.

बाल्कनीतली सायकल

माझा एक मित्र आहे. हिंजवडीत टीम लीड, वीकएण्डला सायकलिस्ट. त्याने पहिली रेसिंग सायकल घेतली, ती फोटोतल्यासारखीच. एकदम सॉलिड दिसणारी. पुढचं मोठं चेनव्हील ५३ दातांचं, छोटं ३९ चं. मागच्या कॅसेटवर सगळ्यात मोठी चकती २५ दातांची. दुकानदार म्हणाला, ‘सर, सुरुवातीला जड वाटेल. पाय बनतात हळूहळू.’

पाय बनायच्या आधी गुडघा बोलायला लागला. सलग तीन रविवार सिंहगड चढल्यावर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. मग जिने उतरताना दुखायला लागलं. मग मीटिंगमध्ये नुसतं बसूनही. ऑर्थोपेडिककडे गेला तर सहा आठवडे सायकल बंद. सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. प्रत्येक सोसायटीत अशी एक तरी सायकल असते. मालकाला विचारा, ‘वेळच मिळत नाही रे’ असं उत्तर येईल. त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत खरं कारण वेळ नसतं. दोन-तीन वेळा घाटात झालेली फजिती असते आणि ‘आपल्यात दमच नाही’ अशी करून घेतलेली समजूत असते.

माझ्या मित्राला फिजिओने एक साधा प्रश्न विचारला, ‘चढावर मिनिटाला किती वेळा पेडल फिरतं?’ मोजल्यावर आकडा आला चाळीस. म्हणजे प्रत्येक फेरीला तो जवळपास उभं राहून जिना चढल्यासारखा पेडलवर चढत होता. पेडल जितकं सावकाश आणि जितकं जोर लावून दाबाल, तितका गुडघ्याच्या वाटीवर दाब जास्त. त्यात सीट खाली असली की झालंच.

गणित, पण पाचवीचं

आता थोडं गणित. घाबरू नका, फक्त भागाकार आहे. पुढच्या चेनव्हीलच्या दातांना मागच्या चकतीच्या दातांनी भागा. जो आकडा येईल तितक्या वेळा पेडलच्या एका फेरीत मागचं चाक फिरतं. नेहमीच्या ७०० सी चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. त्याने गुणलं की एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळतं.

मित्राची सायकल, ३९ भागिले २५. एका फेरीत साधारण ३.३ मीटर. पुढे ५०/३४ चा ‘कॉम्पॅक्ट’ सेट आणि मागे २८ ची चकती असेल तर २.५५ मीटर. मागे ३४ ची चकती लावली तर पुढे-मागे सारखंच, २.१ मीटर. आणि पुढे तीन चेनव्हील असलेल्या हायब्रिडवर, २८ पुढे आणि ३४ मागे, तर जेमतेम १.७ मीटर.

चढावर मिनिटाला निदान साठ फेऱ्या तरी फिरल्या पाहिजेत असं धरू. मग पहिल्या सायकलला ताशी जवळपास १२ किलोमीटरने जावंच लागेल. दुसरीला ९, तिसरीला साडेसात, चौथीला सहाच्या आसपास. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर पाच टक्के चढावर पहिल्यासाठी साधारण १५० वॉट लागतात, दुसऱ्यासाठी १२० आणि तिसऱ्यासाठी १००. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने, ७० किलोमीटर सायकल मारून झाल्यावर, तासभर १५० वॉट काढणं आणि १०० वॉट काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि तेवढे वॉट निघाले नाहीत, तर जड गिअरवाल्यापुढे दोनच पर्याय. फेऱ्या कमी करून गुडघ्याला कामाला लावायचं, नाहीतर उतरून चालायचं.

‘पण मग मी मागे पडेन ना!’ पडाल की. किती, ते बघू. पसरणीचे बारा किलोमीटर ताशी दहाने चढलात तर ७२ मिनिटं. ताशी आठने चढलात तर ९०. फरक फक्त अठरा मिनिटांचा. साडेतेरा तासांतली अठरा मिनिटं! पिंडरीत एकदा गोळा आला की रस्त्याच्या कडेला पाय चोळण्यात तेवढी सहज जातात. आणि तो एकदा आला की पुन्हा पुन्हा येत राहतो.

मित्राने सायकल बदलली नाही. पुढचा सेट कॉम्पॅक्ट करून घेतला, मागे ३२ ची कॅसेट टाकली. नवी फ्रेम घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. फक्त आधी मेकॅनिकला विचारा की तुमचा मागचा डिरेलर किती दातांपर्यंत पेलतो. लहान केजचा असेल तर तोही बदलावा लागतो, आणि चेन लांब लागते. हे सगळं राइडच्या आदल्या रात्री नाही, निदान महिनाभर आधी. डिसेंबरात त्याने दोनशे पूर्ण केले. बारा तास पन्नास मिनिटं. बाल्कनीत आता टॉवेलसाठी दोरी बांधली आहे.

लाज आली कुठून?

हलक्या गिअरला इंग्रजीत ‘ग्रॅनी गिअर’ म्हणतात. आजीबाईंचा गिअर! इथेच सगळी गडबड आहे. आपल्याकडेही ‘काय रे, एक नंबरवर चढवलीस?’ असा टोमणा हमखास बसतो.

ही लाज तशी शंभर वर्षांहून जुनी आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं १९०२ च्या सुमारास ठाम मत होतं की बदलते गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी. खऱ्या पुरुषाने एकाच गिअरवर, स्वतःच्या ताकदीवर चढायचं. १९१० साली टूर पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत गेली, तेव्हाही डिरेलर नव्हते. पुढच्या काळातही रायडर्स डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनला लावायचे आणि मग चढायचे. टूरमध्ये डिरेलरला सर्वांसाठी परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली.

आणि आज? शिमानोने २०२१ साली ड्युरा-एसची नवी पिढी आणली. हा त्यांचा रोड सायकलींसाठीचा सगळ्यात वरचा, व्यावसायिक रेसर्स वापरतात तो सेट. त्यातही ११-३४ ची कॅसेट मिळते. ज्यांचं पोटच सायकलवर चालतं त्यांना मागे ३४ दात चालतात आणि आपण, पूर्ण आठवडा लॅपटॉपवर काढून, २५ वर अडून बसायचं?

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो किताब त्यांना लखलाभ, त्यासाठी ते आयुष्य पणाला लावतात. आपल्याला राजा व्हायचं नाहीये. आपल्याला अंधार पडायच्या सुमारास, दोन्ही गुडघे शाबूत ठेवून घरी यायचंय.

गेल्या सीझनला मी अशाच एका राइडच्या पाचगणीच्या कंट्रोलवर कार्डांवर शिक्के मारायला बसले होते. सकाळी सहाचा स्टार्ट. पहिली चार-पाच मुलं साडेदहालाच हजर. फुल जोशात, एकमेकांना टाळ्या देत. त्यातले दोघे मग अर्धा तास कट्ट्यावर आडवे होते. कंट्रोल बंद व्हायची वेळ १२.४०. पावणेबारा वाजता एक काकू आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, पुढे तीन चेनव्हीलची जुनी सायकल, हँडलला कापडी पिशवी. म्हटलं, ‘काकू, दमलात?’ तर म्हणाल्या, ‘अगं, दमायला कशाला हवं? गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने आले. फक्त गप्पा मारायला कुणी नव्हतं.’ गूळपोळी खाल्ली, बाटल्या भरल्या आणि सहाव्या मिनिटाला गेल्यासुद्धा. मी संध्याकाळी पुण्यात फिनिशला पोचले. काकू पावणेसातला आल्या. आडव्या झालेल्यांपैकी एकाने वाईतच टेम्पो केला होता.

बारा रविवार

गिअर बदलला म्हणून सराव टळत नाही. फंडा सिम्पल आहे. हातात बारा आठवडे ठेवा. रविवारची लांब राइड हळूहळू वाढवा. ६०, ७०, ८०, आणि चौथ्या आठवड्यात परत ६०. मग ९०, १०५, १२०, आणि पुन्हा उतरून ८०. मग १३०, १५०. अकराव्या आठवड्यात फक्त ७०, बाराव्यात राइड. मधले हलके आठवडे आळशीपणा म्हणून टाळू नका. पाय तयार होतात ते विश्रांतीत. आणि सरावात पूर्ण दोनशे मारायची काही गरज नाही. दीडशे जमले की उरलेले पन्नास खाणं, पाणी आणि धीर यांवर निघतात.

मधल्या वारी दोन दिवस पुरे. मंगळवारी तासभर, त्यात आठ-आठ मिनिटांचे तीन चढ. गुरुवारी पाऊण तास, अगदी हलक्या गिअरवर, मिनिटाला ८५-९० फेऱ्या. पाय भरभर फिरायची सवय इथेच लागते. एखाद्या दिवशी घरीच स्क्वॉट्स आणि प्लँक. लांब राइडमध्ये पायांच्या आधी पाठ आणि मान कुरकुरते.

चढाच्या सरावाला पुणेकरांना सिंहगड आहेच. गोळेवाडीपासून वर वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर, चढ पसरणीपेक्षा तीव्र. फक्त रविवारी उजाडायच्या आत वर पोचा. नंतर कांदाभजीवाल्यांची रांग लागते गाड्यांची. मुंबईकरांनी येऊर गाठावं, आणि तेही दूर पडत असेल तर पहाटे एखादा रिकामा फ्लायओव्हर दहा वेळा चढावा. नाव ठेवणाऱ्यांना ठेवू दे.

चढावर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. गिअर चढ लागायच्या आधी बदला. पेडलवर पूर्ण जोर असताना बदललात तर चेन कडाकडा वाजते, निसटते, कधी तुटतेही. आणि पहिल्या दहा मिनिटांत पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटक यायला लागला की समजा, उधारी सुरू झाली.

पोट आणि उतार

खाण्याचं म्हणाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेले पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५. म्हणजे तासाला एक केळं आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की. परदेशी जेलच हवं असं काही नाही. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस एका बाटलीत असू द्या. आणि हायवेवरची झणझणीत मिसळ राइड संपल्यावर. पसरणीत तिची आठवण येणं परवडत नाही.

उताराकडे कुणी लक्षच देत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. चढावर चुकलात तर दमता. उतारावर चुकलात तर समोर एसटी असते. पाचगणीहून वाईला उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. आपली लेन सोडू नका. निघायच्या आधी ब्रेक पॅड बघून घ्या. रस्ते आपल्याकडचे, तेव्हा २३ मिलिमीटरच्या टायरपेक्षा फ्रेममध्ये बसत असतील तर २८ किंवा ३२ चे लावा. पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नियमात आहेच, पण ते नियमासाठी नाही, मागच्या ट्रकवाल्यासाठी घाला.

‘हे सगळं नोकरी सांभाळून?’ असं विचारणाऱ्यांसाठी तीन नावं. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळपास ४८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ती दोघांच्या टीमने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने. तिघेही डॉक्टर. ‘वेळ मिळत नाही’ हे आता नेमकं कुणाला सांगायचं?

तुम्हाला अमेरिका नको, पाचगणी पुरे. या आठवड्यात एवढंच करा. सायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसा आणि सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. मग पुढच्या छोट्या चेनव्हीलचे मोजा. पुढचा आकडा मागच्यापेक्षा फारच मोठा असेल, तर बुटांवर, चष्म्यावर, कार्बनच्या बाटलीस्टँडवर एक रुपयाही खर्च करायच्या आधी मेकॅनिकला फोन लावा. आणि पसरणीत कुणी ओव्हरटेक करताना म्हणालंच, ‘काय, एक नंबरवर?’ तर हसून हात करा. वेग वाढवू नका. संध्याकाळी कात्रजच्या चढावर तो भेटण्याची शक्यता बरीच आहे. त्याला तुमच्यातला एक लाडू द्या.